नागपूरच्या शाळकरी खेळाडूची कॉलेजची तयारी: नववीपासून पहिल्या सेमिस्टरपर्यंत

नागपुरात शाळेच्या वयात खेळणाऱ्या मुलामुलींची कमी नाही. मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल, रविनगरचं विद्यापीठाचं मैदान, रेशीमबाग, हनुमाननगरचा क्रीडा चौक, सकाळी सहाला कुठेही जा, चौदा-पंधरा वर्षांची पोरं घामाघूम झालेली दिसतील. नागपूरचाच ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला धनुर्विद्येत जगज्जेता झाला आणि आपल्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. पण याच मैदानांवर अकरावी-बारावीची मुलं शोधायला गेलं, तर ती एकदम विरळ होतात. "दोन वर्षं खेळ बंद, बारावी झाली की पुन्हा सुरू," असं घरोघरी ठरतं. माझ्या पाहण्यात या वाक्यानं जितके चांगले खेळाडू गमावले, तितके दुखापतींनीही गमावले नाहीत.

म्हणून आधी मुद्द्याचं सांगतो. कॉलेजच्या खेळाची तयारी म्हणजे मुख्यतः ही दोन वर्षं मैदान न सोडणं. कागदपत्रं, प्रवेश, निवड चाचण्या हे सगळं त्याभोवतीचं काम आहे आणि ते नीट केलं तर फार अवघड नाही. हा लेख नववी-दहावीच्या खेळाडूसाठी आहे, पण आईबाबांनीही सोबत बसून वाचावा, कारण अर्धी धावपळ त्यांनाच करायची आहे.

नववीत: फाईल उघड

एक जाड प्लास्टिकची फाईल घे आणि तिच्यात जन्मदाखला, आधारची प्रत, शाळेचं बोनाफाईड, पासपोर्ट फोटो आणि प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र तारखेप्रमाणे लाव. लॅमिनेशन करू नकोस. पुढे मूळ प्रतीवर शिक्का किंवा सही लागली तर पंचाईत होते. प्रत्येक कागद स्कॅन करून आईच्या किंवा बाबांच्या ईमेलवर ठेव. काही राष्ट्रीय महासंघांची प्रमाणपत्रं आता डिजिलॉकरवर येतात, तिथलं खातंही याच वर्षी उघडून ठेव.

प्रमाणपत्र हातात आलं की मैदान सोडण्याआधी वाच. स्पर्धेचं पूर्ण नाव, पातळी, तारीख, वयोगट, क्रीडाप्रकार, क्रमांक, सही आणि शिक्का, यातलं एकही गाळलेलं नको. तुझं नाव जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये आहे अगदी तसंच हवं. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचं नाव गाळलेलं, तिसरीकडे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, अशी तीन प्रमाणपत्रं घेऊन पडताळणीला गेलेली मुलं हेलपाटे घालून थकतात. आयोजक समोर असताना दुरुस्ती पाच मिनिटांत होते. तीन वर्षांनी त्या संघटनेचे पदाधिकारीही बदललेले असतात.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगायची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर "नॅशनल चॅम्पियनशिप", "इंटरनॅशनल, काठमांडू" असे संदेश फिरतात. पंधरा-वीस हजार भरा, जा, खेळा, मेडल घ्या. अशा कित्येक स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांना केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता नसते आणि त्यांचं प्रमाणपत्र ना प्रवेशाला चालतं, ना नोकरीला. मान्यताप्राप्त राष्ट्रीय क्रीडा महासंघांची यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. पैसे भरण्याआधी ती उघडून बघा आणि आपल्या जिल्हा संघटनेला फोन करून विचारा. ज्या घरात हे वीस हजार कर्ज काढून भरले जातात, तिथे हा एक फोन फार मोलाचा ठरतो.

दोन वाटा, दोन्ही चालू ठेव

शालेय स्पर्धांची वाट क्रीडा खात्याची: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, तालुका किंवा महापालिका क्षेत्रापासून जिल्हा, मग विभाग, राज्य आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धा. आपल्या नागपूर विभागात वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली येतात. दुसरी वाट संघटनेची: जिल्हा संघटना, राज्य संघटना, राष्ट्रीय महासंघ. शालेय वाटेवर नाव शाळेनं किंवा कनिष्ठ महाविद्यालयानं नोंदवावं लागतं. संघटनेच्या वाटेवर क्लब किंवा तू स्वतः. एक वाट कधी बंद पडली, तर दुसरी तुला खेळवत ठेवते.

दहावी: सवलतीचे गुण आणि परीक्षा

जिल्हा, विभाग, राज्य किंवा त्यापुढची कामगिरी असेल तर दहावी-बारावीच्या निकालात खेळाचे सवलतीचे गुण मिळू शकतात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे जातो आणि तिथून मंडळाकडे. कोणत्या इयत्तेतला खेळ धरायचा, कोणती स्पर्धा चालते, हे शासन निर्णयात लिहिलेलं असतं. तो निर्णय क्रीडा शिक्षकांकडून मागून स्वतः वाच. मुदत परीक्षेच्या गडबडीत येते, म्हणून दिवाळीनंतर पी.टी. सरांना एकदा आठवण करून दे. सर विसरत नाहीत, पण त्यांच्याकडे सगळ्या शाळेची पोरं असतात.

अकरावीचा प्रवेश: इथे खरी निवड होते

नागपुरात नीट-जेईईच्या क्लासशी बांधलेली कनिष्ठ महाविद्यालयं बरीच आहेत. कॉलेजचं नाव कागदावर, दिवस क्लासमध्ये. अभ्यासाच्या दृष्टीनं काही मुलांना ते जमतं. खेळाडूनं मात्र प्रवेश घेण्याआधी काही प्रश्न विचारायलाच हवेत, कारण १९ वर्षांखालील शालेय स्पर्धेत तुझं नाव हे कॉलेजच नोंदवणार आहे:

- गेल्या वर्षी माझ्या खेळात कॉलेजनं नोंदणी केली होती का? संघ किंवा खेळाडू कुठपर्यंत गेले?
- कॉलेजला क्रीडा शिक्षक आहेत का, आणि ते प्रत्यक्ष भेटतात का?
- स्पर्धेसाठी गैरहजर राहिलो तर हजेरी कशी धरतात? चुकलेली चाचणी पुन्हा देता येते का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "बघू" असं आलं, तर ते "नाही" समजायचं. आणि तोंडी "हो" मिळालं तरी, ज्या मुलांना त्या कॉलेजनं स्पर्धेला खरंच जाऊ दिलं होतं त्यांना शोधून विचार. मैदानावर अशी एक-दोन मुलं सापडतातच.

ऑनलाइन अर्जात खेळाडू म्हणून दावा करायची सोय असते, तिथे माहिती भरायला विसरू नकोस आणि अर्ज भरण्याआधी प्रमाणपत्रं तयार ठेव.

शाखेबद्दल माझं मत सरळ आहे. "खेळाडू आहे, आर्ट्सला टाका" हे ऐकलं की मला वाईट वाटतं. आर्ट्स आवडत असेल तर मनापासून घे. पण गणित-विज्ञान जमणाऱ्या मुलीनं केवळ धावते म्हणून विज्ञान सोडू नये, आणि ज्याला विज्ञान नको आहे त्यानं शेजारच्या दादानं घेतलं म्हणून घेऊ नये. फिजिओथेरपी, क्रीडाशास्त्र, पोषणशास्त्र या खेळाजवळच्या शिक्षणांसाठी विज्ञान लागतं, हे मात्र लक्षात ठेव.

बारावीत मैदान कसं सांभाळायचं

शरीर कमावायला जेवढा सराव लागतो, त्याच्यापेक्षा ते टिकवायला खूप कमी लागतो. आठवड्याला सहा दिवस सराव करणाऱ्यानं तो दोन-तीन दिवसांवर आणला आणि त्या दिवसांतला जोर कमी केला नाही, तर दम आणि ताकद काही आठवडे बऱ्यापैकी टिकते. वेळ कमी कर, वेग कमी करू नकोस. धावणाऱ्यानं डिसेंबरपर्यंत नेहमीचा सराव ठेवावा. जानेवारीपासून परीक्षेपर्यंत आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास: एक दिवस वेगाच्या छोट्या धावा, एक दिवस ताकदीचे व्यायाम, एक दिवस सलग धाव. लेखी परीक्षा चालू असतानाही दोन पेपरांमध्ये सुट्टी असेल तेव्हा अर्धा तास घराबाहेर पड. सांघिक खेळ असेल तर चेंडू हातातून किंवा पायातून सुटू देऊ नकोस, भिंतीशी का होईना खेळ.

आईबाबांना "खेळू द्या" म्हणून भागत नाही. त्यांच्यापुढे आठवड्याचं वेळापत्रक लिहून ठेव: क्लास, अभ्यास, सराव, झोप. झोपेला आठ तास. ते वेळापत्रक तू पाळतोस हे त्यांना महिनाभर दिसलं, की "खेळामुळे मार्क जातात" हे वाक्य घरात आपोआप कमी होतं.

सगळ्यात जास्त नुकसान एप्रिल-मेमध्ये होतं. परीक्षा संपते, आणि तीन महिने बसून असलेलं पोरगं एकदम ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात दोन वेळचा सराव सुरू करतं. मांडीचे स्नायू फाटतात, नडगी दुखायला लागते, उष्माघातही होतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिला आठवडा पहाटे साडेपाच ते साडेसहा, निम्म्या भारानं. संध्याकाळचा सराव ऊन पूर्ण उतरल्यावर. साधं पाणी पीत राहणं पुरेसं नाही. मीठ-साखरेचं लिंबूपाणी किंवा ओआरएस सोबत ठेव.

शरीराची तपासणी, आणि विदर्भातली एक खास गोष्ट

कॉलेजचा हंगाम सुरू होण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घे, मुलींनी तर नक्कीच. रोजच्या सरावानं थकवा येतो असं वाटतं, आणि खरं कारण रक्त कमी असणं असतं. जुनी दुखापत असेल तर मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) किंवा जवळच्या चांगल्या फिजिओथेरपी विभागात दाखव.

आता सिकलसेल. विदर्भात हा आनुवंशिक रक्तदोष बऱ्याच प्रमाणात आढळतो, आणि ज्यांच्यात तो फक्त वाहक म्हणून असतो त्यांना एरवी काहीच त्रास नसतो. वाहक असलेला खेळाडू सगळे खेळ खेळू शकतो. पण कडक उन्हात, शरीरात पाणी कमी असताना, पहिल्याच दिवशी जीव तोडून सलग धावा घेतल्या तर त्याच्या स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते, क्वचित जिवावरही बेततं. अमेरिकेत कॉलेज खेळाच्या वरच्या श्रेणीत खेळाडू वाहक आहे का, हे याच कारणानं आधी पाहतात. आपल्याकडे रक्ताची ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. एकदा करून घे आणि वाहक असशील तर प्रशिक्षकांना निःसंकोच सांग. यात लपवण्यासारखं काही नाही, आणि प्रशिक्षकाला माहीत असलं की तो भार हळूहळू वाढवतो, मध्ये विश्रांती देतो, दम लागण्याऐवजी पाय जड होऊन कोसळणाऱ्या मुलाला "उठ, पळ" म्हणत नाही.

औषधांबाबत: आंतरविद्यापीठ आणि खेलो इंडिया स्पर्धांत उत्तेजक चाचणी होऊ शकते. खोकल्याच्या साध्या वाटणाऱ्या काही औषधांत टर्ब्युटालिन असतं आणि ते बंदी असलेल्या द्रव्यांत मोडतं. बंदीची जागतिक यादी दरवर्षी १ जानेवारीला नवी लागू होते. म्हणून डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांग, "मी स्पर्धा खेळतो." दमा किंवा दुसरा आजार असेल आणि औषध टाळता येत नसेल, तर उपचारासाठी सूट मागायची रीतसर पद्धत नाडाकडे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, आहे. जिममधल्या भाऊनं दिलेला बिनलेबलचा डबा घेऊ नकोस. वरण-भात, पोळी, अंडी, दूध, चणे, शेंगदाणे यांवर या वयात शरीर चांगलं घडतं.

पदवीचं कॉलेज: आधी विद्यापीठ बघ

हे फार कमी घरांत लक्षात घेतलं जातं. कॉलेजमध्ये तू शेवटी विद्यापीठाच्या संघासाठी खेळतोस, आणि नागपुरात एकाच रस्त्यावरची दोन कॉलेजं दोन वेगळ्या विद्यापीठांची असू शकतात.

हिस्लॉप, मॉरिस, धनवटे नॅशनल, एलएडी यांसारखी कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत. १९२३ साली सुरू झालेल्या या विद्यापीठात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे येतात. इथे आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग भारतीय विद्यापीठ संघाची पश्चिम विभागाची किंवा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' महोत्सव वेगळा. स्पर्धा दाट असते, पण विद्यापीठाचा कलर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचा मान, मिळाला की त्याला वजनही तेवढंच असतं.

मेडिकल, फिजिओथेरपी, नर्सिंगला गेलास तर तुझं विद्यापीठ नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. कृषी महाविद्यालयात गेलास तर अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. पशुवैद्यकीयचं विद्यापीठ नागपुरातच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं कॉलेज घेतलंस तर गोंडवाना विद्यापीठ. खासगी आणि अभिमत विद्यापीठं स्वतःचा संघ उतरवतात. तिथे निवड होणं कधी सोपं असतं, पण सराव करायला तोलामोलाचे साथी मिळतील का, हे पाहावं लागतं. व्हीएनआयटीसारख्या संस्थेत एनआयटींच्या आपसातल्या स्पर्धांची वेगळी मजा असते.

शारीरिक शिक्षणातच करिअर करायचं असेल तर नागपुरात क्रीडा चौकातलं ईश्वर देशमुख महाविद्यालय आहे, अमरावतीला १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, आणि थोडं दूर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था.

यादीतल्या कॉलेजांना सुट्टीत नाही, चालू दिवशी संध्याकाळी भेट दे. मैदानावर किती मुलं आहेत ते बघ. क्रीडा संचालकांना भेट आणि बोलताना संकोच करू नकोस: "सर, मी चारशे मीटर धावतो, जिल्ह्यात दुसरा आलो होतो, माझी वेळ ही आहे. इथे माझ्या प्रकारात कोण आहेत? स्पर्धेचा प्रवासखर्च कॉलेज देतं का? किट मिळतं का?" चांगला क्रीडा संचालक अशा मुलाला बसवून घेतो. जो मान वर करून बघत नाही, त्याच्या कॉलेजात तीन वर्षं काढण्याआधी विचार कर.

मुली आणि त्यांचे पालक आणखी दोन गोष्टी पाहतील: कपडे बदलायला स्वच्छ खोली आहे का, आणि बाहेरगावच्या स्पर्धेला संघासोबत महिला व्यवस्थापक जाते का. हे विचारायचा हक्क आहे, त्यात कोणाची मर्जी सांभाळायची गरज नाही.

नागपूरबाहेरच्या संधी

दिल्ली विद्यापीठात खेळाडूंसाठी वेगळ्या जागा असतात. त्यासाठी सीयूईटी ही पदवी प्रवेशाची परीक्षा द्यावीच लागते, आणि प्रमाणपत्रांसोबत प्रत्यक्ष चाचणीही होते. आयआयटी मद्रासनं २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी. पण जेईई अॅडव्हान्सच्या यादीत नाव लागतं आणि राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरचं पदकही लागतं.

खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला वर्षाला ६.२८ लाख रुपयांची मदत असते, त्यातले १.२० लाख, म्हणजे महिना १०,००० रुपये, हातखर्चाला मिळतात. उरलेले प्रशिक्षण, आहार, निवास यांवर खर्च होतात.

अमेरिकेतल्या क्रीडा शिष्यवृत्तीबद्दल टेनिस आणि जलतरणातली मुलं हमखास विचारतात. तिथला कॉलेजचा खेळ चालवणाऱ्या एनसीएए संघटनेच्या पहिल्या श्रेणीत खेळायला नववी ते बारावीत १६ ठरावीक मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ गुणसरासरी लागते. तिसऱ्या श्रेणीत क्रीडा शिष्यवृत्ती नसतेच. मुख्य गोष्ट ही, की तिथे नववीचे गुणही धरतात. म्हणून नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका जपून ठेव, आणि रोख बक्षिसाची स्पर्धा खेळण्याआधी त्यांचे हौशी खेळाडूचे नियम वाच. बारावीनंतर रिकामं वर्ष घेतलं तर पात्रतेवर परिणाम होऊ शकतो, हेही आधीच तपास.

नोकरीचा धागा

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्रांची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. केंद्राच्या भरतीत प्रमाणपत्राचे ठरावीक नमुने मागतात: राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्य संघटनेच्या सचिवांचा, आंतरविद्यापीठासाठी विद्यापीठाच्या क्रीडा प्रमुखांचा, शालेय राष्ट्रीय स्पर्धेसाठी शिक्षण खात्याचा. स्पर्धा संपल्यावर त्याच वर्षी हे नमुने भरून घेतलेस, तर पुढे कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

पहिलं सेमिस्टर

प्रवेश झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच क्रीडा विभागात नाव नोंदव. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची पत्रकं पावसाळ्यातच लागायला सुरुवात होते, आणि बऱ्याच नव्या मुलांना ती कळतात तेव्हा संघ गेलेला असतो. पात्रता अर्जासोबत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, ओळखपत्र आणि फोटो लागतात. आंतरविद्यापीठ स्पर्धेला पूर्णवेळ नियमित विद्यार्थी असावा लागतो. बाहेरून परीक्षा देणाऱ्याला किंवा दूरशिक्षण घेणाऱ्याला खेळता येत नाही. वयाची मर्यादाही असते, म्हणून मधली वर्षं वाया घालवू नकोस.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत सहशालेय अभ्यासक्रमाचे श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि त्यात खेळ घेता येतो. तुझ्या कॉलेजात तो पर्याय कसा आहे ते पहिल्याच महिन्यात विचार. अंतर्गत चाचणी आणि स्पर्धा एकाच दिवशी आली, तर स्पर्धेचं पत्र आधी विभागप्रमुखांना दे, पोच घे, मग जा. परत आल्यावर अर्ज देणाऱ्यांचं फारसं कोणी ऐकत नाही.

पहिल्या वर्षी निवड झाली नाही, असं बऱ्याचदा होतं. समोर एकवीस-बावीस वर्षांचे, तिसऱ्या वर्षाचे गडी असतात. निवड समितीतल्या सरांना भेटून नेमकं काय कमी पडलं ते विचार, विद्यापीठ संघासोबत सरावाला येऊ देता का ते विचार, आणि त्याच आठवड्यात जिल्हा संघटनेच्या पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरून टाक.